गुडघा दुखतो म्हणून बसून राहू नका

"सिस्टर, यंदा चैत्यभूमीला जाणं काही आमच्याच्यानं व्हायचं नाही. घंटाभर उभं राहिलं तरी गुडघे भरून येतात. एवढ्या रांगेत कुठं उभ्या राहू?"

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, वर्षावासातल्या एका रविवारी वंदना आटोपल्यावर एक मावशी आम्हाला म्हणाल्या. वय ५६. मुंबईच्या पूर्व उपनगरात घाटकोपरचा असल्फा, विक्रोळीची पार्कसाइट, भांडुपचा खिंडीपाडा अशा कितीतरी वस्त्या डोंगराच्या उतारावर वसल्या आहेत. मावशींचं घरही अशाच एका उतारावर आहे. खालच्या रस्त्यापासून घरापर्यंत ७० पायऱ्या, त्यातल्या निम्म्या तुटक्या. बावीस वर्षं चार घरची धुणीभांडी आणि फरशी पुसायचं काम केलं. दोन वर्षांपूर्वी गुडघे दुखायला लागले. दवाखान्यात एक्स-रे काढला. "गादी झिजली आहे, जास्त चालू नका, आराम करा," एवढंच सांगून गोळ्या लिहून दिल्या.

मावशींनी सांगितलं तसं केलं. दोन घरची कामं सोडली. पाणी सून भरू लागली. आठ महिने त्या जवळजवळ घरातच बसून होत्या. या आठ महिन्यांत वजन सात किलोने वाढलं, साखर वाढली, दोन घरचा पगार गेला. दुखणं मात्र तसूभरही कमी झालं नाही. उलट आधी ७० पायऱ्यांत एकदा थांबावं लागायचं, ते आता चारदा थांबावं लागत होतं.

अशा मावश्या, आज्या आणि काकाही प्रत्येक वस्तीत आहेत. म्हणून या वेळी गुडघ्याविषयी सविस्तर लिहीत आहोत.

गुडघ्यात नेमकं काय होतं?

आपल्याकडे म्हणतात, "गुडघ्यातलं ग्रीस संपलं." पण गुडघा म्हणजे गाडीचा सुटा भाग नव्हे. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात तिथे दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिलाच आपण गादी म्हणतो. या गादीत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात जो चिकट द्रव असतो त्यातून तिचं पोषण होतं. आपण पाय टाकतो तेव्हा गादी दाबली जाते, उचलतो तेव्हा ती मोकळी होते. स्पंज दाबला-सोडला की पाणी आत-बाहेर होतं, तसाच हा प्रकार. म्हणजे हालचाल बंद झाली की गादीचं पोषणही कमी होतं.

दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूची. चालताना, उठताना, पायरी उतरताना गुडघ्याला जो हिसका बसतो तो हा स्नायू स्वतःवर घेतो. दुखतं म्हणून आपण पाय वापरत नाही. वापरत नाही म्हणून स्नायू बारीक होतो. स्नायू बारीक झाला की सगळा भार थेट सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं. दुखणं वाढलं की आपण आणखी बसतो. मावशी याच फेऱ्यात अडकल्या होत्या. झिजलेली गादी व्यायामाने पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, हे खरं आहे. पण स्नायू कोणत्याही वयात कमावता येतो. साठीतही, सत्तरीतही.

आणखी एक ध्यानात घ्या. एक्स-रे जितका खराब तितकं दुखणं जास्त, असं नसतं. एक्स-रेत बरीच झीज असूनही फिरणारी माणसं आहेत आणि थोडी झीज असून खिळलेलीही आहेत. त्यामुळे "गॅप संपला" हे शब्द ऐकून हातपाय गाळू नका.

आपल्याच वस्तीत इतके गुडघे का?

वय, वाढलेलं वजन, घरातला वारसा, जुनी दुखापत ही कारणं आहेतच. बायकांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, हा त्रास जास्त दिसतो. पण आपल्या लोकांच्या बाबतीत कामाचं कारण मोठं आहे. उकिडवं बसून फरशी पुसणं, भांडी घासणं, बिगारी कामावर डोक्यावरून घमेली वाहणं, कचरा वेचताना दिवसभर वाकणं, हंडे घेऊन चढणं, हमाली. गुडघा पूर्ण दुमडून किंवा वजन उचलून वर्षानुवर्षं काम केलं की झीज लवकर होते, हे वैद्यकशास्त्रानेही मान्य केलं आहे. तेव्हा "माझ्याच नशिबी हे आलं" असं म्हणून कुढत बसू नका. हे नशिबाचं नाही, राबण्याचं दुखणं आहे.

काहींना चिकुनगुनियाच्या तापानंतर महिनोन्महिने सांधे दुखतात. काहींना संधिवात असतो, त्यात हाताची बोटंही सकाळी तासभर आखडलेली राहतात. त्याचे उपचार वेगळे. म्हणून निदान एकदा तपासून घ्यावंच.

आमची स्वतःची चूक

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं वॉर्डात ड्यूटी केली. त्या काळात आम्हीही कितीतरी पेशंटना "आराम करा" एवढंच सांगितलं आहे. पुढे आमचा उजवा गुडघा धरला. नर्स असूनही आम्ही सहा महिने गोळ्या खाऊन ड्यूटी रेटली. पोटात आग व्हायला लागली, ब्लडप्रेशर वाढलं, तेव्हा कुठे सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात गेलो. तिथल्या मुलीने टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवली आणि म्हणाली, "दाबा." आम्हाला रागच आला. एवढं दुखतंय आणि ही टॉवेल दाबायला सांगते! पण करत राहिलो. दोन महिन्यांनी जिना चढताना कठड्याला धरायची गरज उरली नव्हती. त्या मुलीकडे शिकलो तेच आम्ही मावशींना शिकवलं आणि तेच इथे देत आहोत.

सुरू करण्याआधी

पुढीलपैकी काही असेल तर व्यायाम नको, आधी डॉक्टर:

- गुडघा लाल, गरम, सुजलेला आहे आणि तापही आहे.
- पडल्या-मुरगळल्यानंतर पायावर भार देता येत नाही.
- गुडघा मध्येच अडकतो किंवा अचानक लटका पडतो.
- एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आहे.
- रात्रीसुद्धा ठणकतं, वजन कारण नसताना घटतं आहे.

हृदयाचा त्रास असेल, चालताना छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. मधुमेह असणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि रोज तळपाय तपासावेत.

घरच्या घरी सहा व्यायाम

जमिनीवर बसायची गरज नाही. खाट किंवा दिवाण आणि एक मजबूत खुर्ची पुरे. प्लास्टिकची खुर्ची असेल तर ती भिंतीला टेकवून ठेवा. कोणताही व्यायाम करताना श्वास रोखू नका, मोठ्याने आकडे मोजा म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

१. टाच सरकवणे. खाटेवर पाय लांब करून पडा. टाच हळूहळू स्वतःकडे ओढा, जमेल तेवढाच गुडघा दुमडा, पुन्हा सरळ करा. प्रत्येक पायाने १० वेळा. सकाळी उठल्याउठल्या केला तर आखडलेपणा जातो.

२. टॉवेल दाबणे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने टॉवेल खाली दाबा. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट झाला पाहिजे, हात लावून पाहा. पाच आकडे मोजा, सोडा. १० वेळा.

३. सरळ पाय उचलणे. पाठीवर झोपा. एक पाय गुडघ्यात दुमडून ठेवा. दुसरा सरळ ठेवून हातभर उचला, पाच मोजा, सावकाश खाली आणा. धपकन टाकू नका. प्रत्येक पायाने १० वेळा.

४. खुर्चीत पाय लांब करणे. टेकून बसा. एक पाय समोर सरळ करा, पाच मोजा, हळू खाली घ्या. १० वेळा. टीव्ही बघताना, भाजी निवडतानाही हा व्यायाम होतो.

५. खुर्चीतून उठ-बस. खुर्चीवर घडी केलेली गोधडी ठेवून बैठक उंच करा. पावलं खांद्याइतकी लांब ठेवा. पुढे झुकून उभे राहा, मग सावकाश बसा. सुरुवातीला हातांचा आधार घ्या, पाच वेळाच करा. पुढे दहापर्यंत जा. जमू लागलं की गोधडी काढा, नंतर हातांचा आधार सोडा.

६. टाचा उचलणे. ओट्याला किंवा भिंतीला धरून उभे राहा. दोन्ही टाचा उचला, तीन मोजा, खाली या. १० वेळा. पोटऱ्या मजबूत होतात आणि तोल सुधारतो.

पहिले दोन आठवडे फक्त पहिले चार व्यायाम रोज करा. तिसऱ्या आठवड्यापासून पाचवा आणि सहावा एक दिवस आड घ्या. सगळं मिळून २० मिनिटं लागतात. चार दिवसांत फरक दिसत नाही म्हणून सोडू नका. सहा ते आठ आठवडे लागतात, पुरता गुण यायला तीन महिनेही जातात.

दुखलं तर काय?

हा प्रश्न सगळ्याच विचारतात आणि इथेच बहुतेक जणी व्यायाम सोडतात. थोडं दुखणं म्हणजे गुडघा बिघडतो आहे, असं नाही. दुखण्याला दहापैकी गुण द्या. तीन-चारपर्यंत दुखत असेल तर व्यायाम चालू ठेवा. पाचच्या वर गेलं तर थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल किंवा सुजला असेल, तर कालचं प्रमाण जास्त झालं एवढाच त्याचा अर्थ. मोजणी निम्म्यावर आणा, पण बंद करू नका. सूज असेल तर कपड्यात बर्फ गुंडाळून १० ते १५ मिनिटं शेका. नुसतं आखडलं असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने बरं वाटतं.

चालणं, सायकल आणि विहार

व्यायामाने थोडी ताकद आली की चालणं सुरू करा. सपाट जागी चालताना शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार गुडघ्यावर येतो, जिना उतरताना त्याहूनही जास्त. म्हणून चालण्याचा व्यायाम चढ-उतारावर नको. डोंगरावरच्या वस्तीत सपाट जागा कुठून आणायची? आम्ही मावशींना विहाराच्या हॉलमध्येच फेऱ्या मारायला लावल्या. भिंतीकडेने जायचं, पाय दुखले की टेकायचं. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढ. शाळेचं मैदान, रुंद गल्ली, मंडई उघडण्याआधीचा रस्ता, कुठेही चालता येईल.

विहारात चालणं आपल्याला परकं नाही. भिक्खूंना चंक्रमणासाठी जागेची परवानगी द्यावी, अशी विनंती वैद्य जीवकाने तथागतांना केली होती, असं विनयपिटकात आहे. चंक्रमणाच्या पाच लाभांमध्येही लांबचा प्रवास झेपणं, निरोगी राहणं आणि अन्न नीट पचणं हे सांगितलं आहे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तेही एका दमात नको, दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतात. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग ठेवा. झिजलेल्या सपाता घालून चालू नका. मऊ तळाचे, मागून बंद असलेले बूट किंवा सँडल घ्या.

महापालिकेच्या बागेतल्या व्यायामाच्या साधनांत बसून पायडल मारायची सायकल असेल तर गुडघ्याला ती उत्तम. त्यात वजन बैठकीवर राहतं आणि गुडघा मात्र फिरत राहतो. बैठक इतकी उंच हवी की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. धावणं, दोरीवरच्या उड्या, खोल बैठका, वज्रासन हे सध्या बाजूला ठेवा. लग्नात नाचायचं असेल तर नाचा, फक्त उड्या नकोत.

रोजच्या कामात बदल

वीस मिनिटं व्यायाम केला आणि उरलेला दिवस उकिडवं बसून काढला, तर उपयोग नाही.

- फरशी लांब दांड्याच्या पोछ्याने पुसा. मालकिणीकडे तो मागायला संकोच करू नका, ते कामाचं साधन आहे.
- भांडी, कपडे उंच पाटावर किंवा स्टुलावर बसून करा.
- संडासात बसता येत नसेल तर औषधांच्या दुकानात मिळणारी कमोडची खुर्ची किंवा स्टूल वापरा.
- पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय.
- काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण उलट धरतात.
- एका मोठ्या हंड्याऐवजी दोन हातांत दोन लहान कॅन घ्या.
- वंदनेला खुर्चीवर बसा. त्यात लाज कसली? विहाराच्या समितीने पुढच्या रांगेच्या कडेला चार खुर्च्या कायम ठेवाव्यात, म्हणजे कोणाला मागे जाऊन बसावं लागणार नाही.

वजनाबद्दलही बोललं पाहिजे, पण कुणाला हिणवण्यासाठी नाही. एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. दोन-तीन किलोसुद्धा मोलाचे आहेत. उपास करू नका, त्याने स्नायूच आटतात. चहातली साखर, फरसाण, वडापाव कमी करा. डाळ, उसळ, अंडी, सुकट, मासे ताटात वाढवा.

औषधं आणि फसवणूक

दुकानातून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तर पोटात अल्सर होतो, मूत्रपिंड बिघडतं, रक्तदाब वाढतो. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांना धोका अधिक. नाव नसलेल्या पुड्या आणि गोळ्या तर घेऊच नका, अशांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो तो त्यामुळेच. तेलाने चोळल्यावर बरं वाटतं, जरूर चोळा, पण तेल आत जाऊन गादी भरत नाही. "गादी परत वाढवून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

झीज फार पुढे गेली असेल, व्यायाम आणि औषधं नीट करूनही चालणं अशक्य असेल, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा चांगला उपाय आहे. तिला भिऊ नका, पण घाईही करू नका. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, म्हणून बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा. सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातले आरोग्यमित्र यांना भेटून आपल्याला काय मिळू शकतं ते कर्ज काढण्याआधी विचारा. शस्त्रक्रिया ठरली तरी हेच व्यायाम आधी आणि नंतर करावे लागतात.

मावशींचं पुढे काय झालं?

मावशींनी पहिल्या आठवड्यात दोनदा व्यायाम सोडला. "गुडघा कटकट वाजतो," म्हणाल्या. दुखत नसेल, सूज नसेल तर नुसत्या आवाजाला भ्यायचं कारण नाही, हे समजावलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याबरोबर आणखी चार जणी आल्या. एकटीने घरी करणं कंटाळवाणं होतं. पाच जणी मिळून करायला लागल्यावर खाडे कमी झाले. जी आली नाही तिच्या घरी दुसरी जायची.

नोव्हेंबरअखेर मावशी ७० पायऱ्यांत एकदाच थांबू लागल्या. गुडघे आजही दुखतात, थंडीत जास्तच. वजन तीनच किलो उतरलं. पण ६ डिसेंबरला त्या दादरला गेल्या. हातात काठी आणि पिशवीत घडीचं स्टूल होतं. रांग थांबली की बसायच्या, सरकली की उठायच्या. उठ-बस करायची सवय झालीच होती. जानेवारीत त्यांनी सोडलेल्यापैकी एक घर पुन्हा धरलं, पोछ्याला दांडा हवा ही अट घालून.

आता त्या पाच जणींनी पायऱ्यांना कठडा आणि मध्ये दोन ठिकाणी बसायला बाक हवा म्हणून वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला आहे. तीन फेऱ्या झाल्या, अजून काम झालेलं नाही. चौथ्या फेरीला आम्ही सोबत जाणार आहोत. तुमच्या वस्तीतही असा अर्ज द्या, सह्यांसाठी गुडघे दुखणाऱ्यांची कमतरता पडणार नाही.

आणि तोवर आज संध्याकाळी एक टॉवेल गुंडाळा, गुडघ्याखाली ठेवा आणि दहा वेळा दाबा.